आधीच लिहिलेलं उत्तर

प्रोग्रॅम चालवायच्या आधीच त्याचं उत्तर पेपरात लिहून टाकायचं, ही माझी सवय होती. त्यात काही चूक आहे असं बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातल्या त्या शुक्रवारपर्यंत मला वाटलं नव्हतं.

पार्ल्याच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलसाठी जर्नल असायचं. त्यात हाताने लिहिलेले वीस प्रोग्रॅम, आणि प्रत्येकाखाली पेनने आखलेल्या चौकटीत त्याचं आउटपुट, म्हणजे प्रोग्रॅम चालवल्यावर स्क्रीनवर जे उमटतं ते. शेवटच्या पानावर सरांची सही लागायची. सही नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता यायचं नाही. वरच्या वर्गातल्या मुलांकडून जर्नल खाली यायचं आणि आम्ही ते उतरवून काढायचो. मी आणखी पुढे गेले होते. वीसही प्रोग्रॅम मी कंसांसकट, अर्धविरामांसकट आणि चौकटीतल्या आकड्यांसकट पाठ केले होते.

पाठांतराला मी आजही नावं ठेवत नाही. सिंधुदुर्गातल्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर होता, पण त्यावर कायम कापड घातलेलं असायचं. बाईंकडे जे होतं ते त्यांनी आम्हाला दिलं, आणि ते पाठ करूनच मी बारावी चांगल्या गुणांनी पास झाले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे वडील बाजारात शिवणकाम करतात. मला मुंबईला आत्याकडे पाठवायला आजोबा तयार नव्हते, तेव्हा वडिलांनी त्यांच्याकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. नाही झेपलं तर पोरगी परत येईल, असं वडील माझ्यासमोरच म्हणाले होते.

त्या शुक्रवारी सराव परीक्षा होती. मी चिठ्ठी उचलली. पाच संख्यांमधली सर्वांत मोठी संख्या शोधा. मला हायसं वाटलं. जर्नलमधला सातवा प्रोग्रॅम. मी तो न थांबता टाइप केला आणि पेपरात आउटपुटसुद्धा लिहून ठेवलं: सर्वांत मोठी संख्या ४५.

सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि स्वतःचे आकडे सांगू लागले. उणे आठ, उणे तीन, उणे बारा, उणे पाच, उणे नऊ. मी ते भरले. स्क्रीनवर शून्य आलं.

"मी दिलेल्या आकड्यांत शून्य कुठे आहे?" सरांनी विचारलं.

मी खरोखरच शोधायला लागले.

"आणि पेपरात पंचेचाळीस आहे. ते कुठून आलं?"

ते जर्नलमधून आलं होतं. सर रागावले नाहीत, त्याची मला जास्त भीती वाटली. त्यांनी स्क्रीनवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत सर्वांत मोठी संख्या सुरुवातीला शून्य धरली होती. शून्यच का, असं त्यांनी विचारलं. "असंच असतं, सर," मी म्हणाले. मागे कुणीतरी हसलं.

सरांनी माझं जर्नल मिटून परत दिलं. सही केली नाही. मंगळवारी अकरा वाजता ये, म्हणाले. जर्नलमध्ये नसलेला एक प्रश्न देईन, प्रोग्रॅम माझ्यासमोर लिही आणि प्रत्येक ओळ का लिहिलीस ते सांग. सही त्यानंतर. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी बुधवारी जाणार होती.

बाहेर माझी मैत्रीण थांबली होती. ती मढची. रोज होडीने वर्सोव्याला येऊन पुढे कॉलेज गाठायची, आणि लॅबमध्ये माझ्या शेजारी बसायची. मी पाठ करते हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"वीसच्या वीस? वेडी आहेस का गं? आमच्याकडे चर्चमध्ये प्रार्थनासुद्धा पुस्तकात बघून म्हणतात," ती म्हणाली.

शनिवारी तिने मला कॅन्टीनमध्ये बसवलं. वहीत प्रत्येक व्हेरिएबलचा, म्हणजे प्रोग्रॅम ज्या नावाखाली आकडा ठेवतो त्या प्रत्येक नावाचा, एक रकाना आखला आणि प्रोग्रॅमवर पट्टी ठेवली. पट्टी एकेक ओळ खाली सरकवायची, ती ओळ सांगते तेवढंच करायचं, पुढचं बघायचं नाही. म्हणजे कॉम्प्युटर मीच व्हायचं. मी सरांचे आकडे घेतले. उणे आठ शून्यापेक्षा मोठे आहेत का? नाही. उणे तीन? नाही. पाचही आकडे येऊन गेले आणि रकान्यातलं शून्य जागचं हललं नाही. ज्या ओळी मी तीन महिने म्हणत होते, त्या पहिल्यांदा मला काहीतरी करताना दिसल्या. पण शून्याच्या जागी काय हवं ते सुचेना. मैत्रीण सांगायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं.

"सांगू नकोस. सांगितलंस तर मी तेही पाठ करीन."

रविवारी सकाळी आत्याबरोबर मालाडच्या मासळी बाजारात गेले. डोक्यात मंगळवारच होता. आत्याला एकच मोठं पापलेट हवं होतं. तिने एक उचलून डाव्या हातात धरलं. मग उजव्या हाताने दुसरं उचलायची, ताडून बघायची, लहान वाटलं तर खाली ठेवायची, मोठं वाटलं तर डाव्या हातातलं टाकून ते धरायची. कोळीण वैतागून म्हणाली की सगळी सारखीच आहेत, घे आणि जा. आत्या ऐकेना. मी तिला विचारलं, सुरुवातीला डाव्या हातात ते पहिलंच का घेतलं? ते कुठे मोठं होतं?

"अगो, रिकाम्या हाताशी काय ताडून बघू? आधी त्यातलंच एक उचलायचं. मग मोठं दिसलं की बदलायचं."

आणि सगळीच बारकी निघाली तर? मग त्या बारक्यांतलं मोठं, आत्या म्हणाली, आणि पिशवी माझ्याकडे दिली. घरी येऊन मी सातव्या प्रोग्रॅममधलं शून्य खोडलं आणि तिथे पहिली संख्या लिहिली. पट्टी सरकवत खाली गेले. उणे तीन आलं. दुपारी मी पाच वेगवेगळे आकडे घेऊन तेच केलं. तरीही भीती गेली नाही. हा प्रश्न सुटला होता. मंगळवारी दुसराच येणार होता.

मंगळवारी सरांनी विचारलं: पाच संख्यांमधली दुसऱ्या क्रमांकाची मोठी.

मी कागद घेतला. दोन हात हवेत, एकात सर्वांत मोठी, दुसऱ्यात तिच्या खालची. सुरुवातीला दोन्हींत पहिली संख्या. नवी संख्या आणखी मोठी निघाली तर आधीची दुसऱ्या हातात जाईल. ती नुसती दुसऱ्या हातातल्या संख्येपेक्षा मोठी असेल, तर तिथे बसेल. लिहायला मला वीस मिनिटं लागली, टाइप करायला त्याहून जास्त. पाठ नसलेलं टाइप करताना माझी बोटं अडखळत होती. सरांनी प्रत्येक ओळीला का विचारलं आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे काहीतरी उत्तर होतं. पाच, नऊ, दोन, चौदा, सात दिले. नऊ आले. बरोबर.

"आता वीस, सहा, अकरा, तीन, आठ. चालवायच्या आधी आउटपुट लिही."

अकरा यायला हवं होतं. मी पेन टेकवलं आणि थांबले. पट्टी नव्हती, म्हणून जर्नलची कड ओळीवर धरली. पहिल्या हातात वीस, दुसऱ्या हातातही वीस. सहा आले, गेले. अकरा आले. अकरा विसापेक्षा मोठे नाहीत. तेही गेले. एकच मासा मी दोन्ही हातांत दिला होता.

अकरा लिहावं, चालवू नये, काहीतरी करून वेळ मारून न्यावी, असं एक क्षण मनात आलं. मग मी वीस लिहिलं.

"वीस?" सर म्हणाले. "उत्तर काय यायला हवं?"

"अकरा, सर. पण माझा प्रोग्रॅम वीस देईल. तो चुकलाय."

त्यांनी स्वतः बटण दाबलं. स्क्रीनवर वीस आलं. त्यांनी माझा कागद बघितला, स्क्रीन बघितला, आणि जर्नल ओढून शेवटच्या पानावर सही केली. दुरुस्त करून उद्या दाखव, एवढंच बोलले.

खाली आल्यावर मी वडिलांना फोन केला. मागे शिलाईचं मशीन चालू होतं. सही मिळाली, असं मी सांगितलं. उत्तर बरोबर आलं ना, त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. चुकलं. पण चुकणार हे मी आधीच लिहून ठेवलं होतं."

मशीन थांबलं. मग सही कशी दिली, असं ते काळजीने विचारायला लागले. फसवणूक झाली असेल, उद्या कुणी काढून घेईल, असं त्यांना वाटत असावं. मी कॉलेजच्या पायरीवर बसले आणि त्यांना रविवारच्या पापलेटापासून सांगायला सुरुवात केली.