क्लॅरिनेटवाल्याचे खालचे चार दात

“खालच्यांना हात लावायचा नाय, डॉक्टर. वरचे तेवढे पॉलिश करून चकाचक करा,” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच दत्ताराम परबांनी मला सांगून टाकलं.

लालबागच्या माझ्या क्लिनिकमध्ये पेशंट असेच येतात, उपचार ठरवूनच. इतकी वर्षं झाली, मला ते अजून सोसत नाही. परब डिलाईल रोडला राहायचे आणि लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तुळशीची लग्नं नुकतीच लागली होती, सीझन तोंडावर आला होता. हल्ली वरातीत जो तो मोबाइल काढून शूटिंग करतो, म्हणून बँडमालकाने सगळ्यांना दात साफ करून यायला बजावलं होतं.

“आ करा,” मी म्हटलं. खालच्या समोरच्या चार दातांमागे कीटणाची भिंत उभी होती. कीटण म्हणजे दातावर साचून दगडासारखा झालेला थर, तो ब्रशने निघत नाही. चारही दात हलत होते. एक्स-रे काढला. दात ज्या हाडात रोवलेले असतात, ते निम्म्यावर खचलेलं.

“हे हलतात, ठाऊक आहे तुम्हाला?”

“ठाऊक आहे ना. त्या कीटणानेच धरून ठेवलंय त्यांना. म्हणून मी तिथे ब्रश पण मारत नाय.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “वर अभिमानाने सांगताय!”

मग समजावत बसले. क्लीनिंग हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण कामं वेगळी असतात. हिरडीच्या वरचं कीटण मशीनने काढायचं, ते स्केलिंग. मग पेस्टने दात गुळगुळीत करायचे, डाग घालवायचे, ते पॉलिशिंग. हिरड्या धड असतील तर एवढं पुरतं. पण हिरडी दातापासून सुटली, की कीटण आत मुळापर्यंत उतरतं आणि हाड खात जातं. तिथे डीप क्लीनिंग लागतं. इंजेक्शन देऊन जागा बधिर करायची आणि मुळं खरवडून साफ करायची. “तुम्हाला हवंय ते पॉलिश म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग मारण्यासारखं आहे,” मी म्हटलं.

परबांनी स्वतःचा खालचा ओठ दातांवर आत दुमडून दाखवला. “क्लॅरिनेट ह्याच्यावर टेकतं, डॉक्टर. खाली दात नसले तर ओठ कशावर ठेवू? ह्या वयात मला दुसरं काम कोण देणार?”

माझा पारा तिथेच उतरला. माणूस हट्टी नव्हता, घाबरला होता. आणि भीती अगदीच खोटी नव्हती. कीटण निघाल्यावर दात सुरुवातीला जास्त हलल्यासारखे वाटतात. म्हणून मी मार्ग सांगितला. वरवरचं कीटण काढून ते चार दात आतल्या बाजूने, शेजारच्या पक्क्या दातांसकट बारीक तारेने बांधायचे. मग हिरडीखालची सफाई. तार जिभेकडे, ओठाला लागायचा प्रश्न नाही.

परब काही बोलणार, तेवढ्यात स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोने, सुनंदाताईंनी, निकाल लावला. “तुमी गप रवा. करा हो, डॉक्टर.”

काम छान झालं. दोन-तीन तास बधिरपणा राहील, गरम काही पिऊ नका, असं सांगून मी हात धुवायला वळले. वाजवू नका, हे सांगायचं मला सुचलंच नाही. क्लिनिकमध्ये कोण वाजवतं?

परबांनी वाद्य बरोबर आणलं होतं. मागून नुसती फुस्स अशी हवा ऐकू आली. वळून पाहते तर क्लॅरिनेट तोंडात, ओठातून लाळ गळतेय, चेहरा पांढराफटक.

“माजा ओट गेला,” ते बोबडं बोलले.

“इंजेक्शन आहे ते! उतरेल!”

“तुमचं काय जातंय?” सुनंदाताई उसळल्या. “धडधाकट माणूस आणला होता मी.” नवऱ्याच्या दंडाला धरून त्या निघूनही गेल्या.

दुपारभर माझं कशात लक्ष लागेना. ओठ शुद्धीवर येणार, याची खात्री होती. पण तारेने आवळलेल्या दातांवर तोच सूर लागेल का, हे मी कुठे शिकले होते? फोन केला, उचलला नाही. परत केला, कट झाला. एका पेशंटला तर मी डावीकडच्या दाढेबद्दल विचारत उजवीकडे आरसा घातला. शेवटी पुढच्या अपॉइंटमेंट उद्यावर ढकलल्या आणि पत्ता शोधत डिलाईल रोडला गेले.

परब चाळीच्या गॅलरीत बसले होते. बधिरपणा कधीच उतरला होता. क्लॅरिनेट मांडीवर तसंच.

“वाजवून पाहिलंत?”

“नाय. उद्या बघू.”

“मला आज चैन पडणार नाही. वाजवा.”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. क्लॅरिनेट उचलून ओठांत धरलं. पहिला सूर चिरकला. दुसरा लागला. मग त्यांनी वरातीतलं गाणं धरलं आणि ते एवढं दणदणीत वाजलं, की शेजारची दारं उघडली. मध्येच थांबून ते तारेवर जीभ फिरवत राहिले.

“सूर बरा नाय?” सुनंदाताईंनी घाबरून विचारलं.

“तसं नाय गं.” त्यांचे डोळे भरले होते. “एवढी वर्षं दात पडतील म्हणून मी दबकत फुंकत होतो. आज पहिल्यांदा जोर लावला.”

मलाही भरून आलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तो सीझन त्यांनी पूर्ण वाजवला. चारांतला एक दात नंतर काढावा लागलाच. मूळ कापून त्याचाच वरचा भाग मी तारेला चिकटवून दिला. आता ते दर काही महिन्यांनी कुरकुरत मेंटेनन्स क्लीनिंगला येतात, कारण एकदा खचलेलं हाड परत भरून येत नाही. कीटण दात धरून ठेवत नाही, त्यानेच दात सुटतात, हे मी रोज कुणाला तरी सांगते. आणि वाजवणारा पेशंट असला, की वाद्य घरी ठेवून यायला सांगते.