मेंबरकाकींचा थांबा

मेंबरकाकी सरकारी कचेरीत कधी बसल्या नाहीत. साहेब "बसा ना, बाई" म्हणायचे, शिपाई खुर्ची पुढे सरकवायचा, तरी त्या पदर खांद्यावरून घट्ट ओढून टेबलासमोर उभ्याच. "बसलं की माणूस आलेलं काम इसरतो, साहेब," एवढंच म्हणायच्या, तेही हसून. समोर साठीची बाई उभी आणि आपण बसलेलो, याने भले भले अधिकारी अवघडून जात. कुणी स्वतःच उठून उभे राहत, कुणी घाईघाईने फाईल मागवत. मी त्यांच्या शेजारी उभी असे. माझे पाय भरून यायचे. त्यांचेही येत असतील, पण त्यांनी ते कधी दाखवलं नाही.

पोलादपूर तालुक्यातलं आमचं गाव महामार्गाला लागून आहे. काकींची वाडी त्याच्या वर, डोंगरात. वाडीतल्या निम्म्या घरांना कुलूप, कारण माणसं मुंबईला. पंचायत समितीची आमची जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा गावातल्या जाणत्यांनी काकींचं नाव पुढे केलं. बाई सही करेल आणि कारभार तिचा धाकटा दीर बघेल, असा सगळ्यांचा हिशेब होता. काकी निवडून आल्या. पहिल्या सभेला दीर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. काकी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, तुमी भायेर चहा घ्या. माझं झालं की मी येते." तो बाहेर गेला, आणि पुढची सगळी वर्षं बाहेरच चहा घेत राहिला. त्या दिवसापासून गाव त्यांना मेंबरकाकी म्हणू लागलं.

मी तेव्हा महाडच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत होते. एका गुरुवारी, माझ्या आठवड्याच्या सुट्टीला, काकी आमच्या अंगणात आल्या आणि आईला म्हणाल्या, "तुझी पोर सुट्टीला माझ्यासंगती दे." मला म्हणाल्या, "तू साहेबाची मराठी बोल गो, मी माझी बोलते. दोन्ही बाजूंनी धरला की सुटत नाय." अशी मी त्यांच्याबरोबर हिंडू लागले. त्यांना जीपने न्यायला कार्यकर्ते तयार असत, पण त्या एस.टी.नेच जायच्या. एस.टी.त माणसं भेटतात आणि भेटलेली माणसं खरं बोलतात, असं त्यांचं म्हणणं.

त्या काळात आमच्या भागाची दोन दुखणी होती. पहिलं रेल्वेचं. महाडच्या पलीकडे एक लहानसं स्टेशन आहे. तिथे सकाळी थांबणारी पॅसेंजर आमच्या दोन्ही तालुक्यांना मोठा आधार होती. शिकणारी मुलं, रोह्याकडे नोकरीला जाणारे, पनवेलला उपचाराला जाणारे रोगी, सगळे पहाटेची एस.टी. पकडून त्या गाडीला जात. मध्यंतरी गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्या गाडीचा थांबा गेलेला होता. गाडी यायची, शिट्टी द्यायची आणि निघून जायची. फलाटावर उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडावर वारा तेवढा लागायचा.

काकी मला घेऊन रेल्वेच्या कचेरीत गेल्या. अधिकारी सभ्य होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, हे स्टेशन तर तुमच्या तालुक्यातही नाही."

"स्टेशन नाय, पन माणसं माझी हायत."

"तुमच्या घरचं कोणी जातं का या गाडीने?"

"समदीच जातात," काकी म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, मूत्रपिंडाच्या दुखण्याने आजारी होते. पनवेलच्या डॉक्टरांचे उपचार चालू होते आणि थांबा गेल्यापासून काकी त्यांना खड्ड्यांतून वडापच्या, माणसं कोंबलेल्या जीपने नेत होत्या. घरी आल्यावर काका दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. परतताना एस.टी.त मी विचारलं, "काकी, काकांचं का नाही सांगितलंत?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "माझा नवरा सांगितला असता तर त्यांनी दया केली असती. दया एका माणसाला मिळते गो. थांबा गावाला पायजे."

दुसरं दुखणं रस्त्याचं. महामार्ग रुंद झाला आणि आमच्या गावाचे दोन तुकडे झाले. घरं या बाजूला, आणि महाडकडून येणारी प्रत्येक गाडी माणसांना सोडायची त्या बाजूला. मधोमध दुभाजक, त्यात एक मोकळी जागा. तिथून जीव मुठीत धरून पलीकडे यायचं. एका संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरलेली माझी मैत्रीण सुनंदा तिथेच एका टेम्पोखाली येता येता वाचली. पाय मात्र मोडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकी वाडीवरून खाली आल्या. हातात लाल रंगाचं जुनं लुगडं होतं, अर्ध्यात फाडलेलं. कारखान्यांच्या बसगाड्या यायला लागल्या की त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून ते हलवायच्या. ट्रक थांबायचे, शिव्या द्यायचे, पण थांबायचे. माणसं पार झाली की काकी ड्रायव्हरला हात जोडायच्या.

आठवडाभराने हवालदार आला. "काकी, असं नाही चालणार. तुम्हाला काही झालं तर जबाबदार कोण?"

"बराबर हाय तुमचं," काकी म्हणाल्या आणि ते लुगडं त्याच्या हातात दिलं. "मग तुमी उभे ऱ्हावा. मी घरी जाऊन भाकऱ्या टाकते."

तो बिचारा त्या संध्याकाळी खरंच उभा राहिला. पुढे तिथे दोन होमगार्ड मिळाले. तो आमचा पहिला विजय, आणि तो फार टिकला नाही. अपघात टळावेत म्हणून महामार्गवाल्यांनी दुभाजकातली मोकळी जागाच बंद करून टाकली. आता रस्ता ओलांडायचा तर पार लांबून वळसा, नाहीतर कमरेएवढा दुभाजक चढून. माणसं अर्थातच चढत होती. डोक्यावर ओझी घेऊन बाया चढत होत्या.

गणपती जवळ आले. देवळात बैठक झाली. शैलेश नावाचा तरुण पोरांचा पुढारी होता, बोलायला तिखट. तो म्हणाला, "आता एकच करायचं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी रस्ता बंद. सगळी मुंबई कोकणात येत असते. दोन तास अडवली की मंत्री धावत येईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याचं चूक नव्हतं. याहून जास्त लक्ष वेधणारा दिवस वर्षात दुसरा नव्हता.

काकी म्हणाल्या, "मी नाय येनार."

"का? पक्षाचा वरून निरोप आला का?" शैलेशने विचारलं.

"अडकनार कोन रे? कडेवर पोर आनि मांडीवर गनपती घेऊन रातभर बसलेली आपलीच माणसं. ती घरी यायला निघाली हायत. त्यांना दारात अडवून मी काय मागू?"

शैलेश उठला आणि त्याच्यामागून बरीच पोरं उठली. "मेंबर विकली गेली" हे वाक्य दुसऱ्या दिवशी मी कारखान्याजवळ बिरवाडीच्या नाक्यावर ऐकलं. काकींच्याही कानावर गेलं असणारच. मी वाडीवर गेले तेव्हा त्या चुलीपुढे नुसत्याच बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोरगा बोलला ते लागलं मला. त्याचंच खरं असंल तर?" त्यांना इतकं डळमळलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग उठता उठता म्हणाल्या, "उद्या त्या रस्त्याच्या मोठ्या साहेबाकडं जाऊ. त्याला गनपतीला बोलवू."

मोठे साहेब म्हणजे कार्यकारी अभियंता. त्यांना वाटलं, दर्शनाचं आमंत्रण आहे. चतुर्थीच्या आदल्या दुपारी ते खरोखर आले, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. काकींनी त्यांना पलीकडच्या बाजूला नेलं आणि मुंबईहून येणाऱ्या गाड्यांजवळ उभं केलं. शैलेश आणि त्याची पोरं या बाजूच्या टपरीवर हाताची घडी घालून बघत होती. रस्ता त्यांनी अडवला नव्हता, कारण काकींशिवाय बाया येईनात.

एका बसमधून आमच्याच गावचे भिकूदादा उतरले, सत्तरीचे, मुलाकडून आलेले. हातात कपड्यात गुंडाळलेली गणपतीची मूर्ती. साहेब, काकी आणि मी त्यांच्याबरोबर निघालो. पहिला अर्धा रस्ता कसाबसा पार केला. दुभाजकापाशी भिकूदादा थबकले. मूर्ती हातात घेऊन चढता येईना. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब कोण आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. "दादा, जरा बाप्पाला धरता? मी चढतो."

साहेबांनी दोन्ही हातांनी मूर्ती धरली. भिकूदादांना मी आणि काकींनी वर ओढलं. मग साहेबांची पाळी. हात मोकळे नाहीत, एका बाजूने ट्रक, दुसऱ्या बाजूने गाड्यांची रांग, कानात भोंगे. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून ते तिच्यावर वाकून उभे राहिले. तसे ते बराच वेळ उभे होते. टपरीवरची पोरं पुढे आली. शैलेशने दोन्ही हात आडवे करून गाड्या थांबवल्या आणि पोरांनी साहेबांना दंडाला धरून दुभाजकावर चढवलं आणि या बाजूला उतरवलं. या बाजूला आल्यावर साहेबांनी मूर्ती भिकूदादांना दिली आणि पाणी मागितलं. काकींनी तांब्या दिला. मला बोलायचं होतं, पण त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं.

साहेब त्या दिवशी काही कबूल करून गेले नाहीत. पण दिवाळीनंतर मोजणीची माणसं आली, आणि पुढे भुयारी मार्ग मंजूर झाला. शैलेश काकींच्या वाडीवर गेला होता, एवढं मला माहीत आहे. त्यांच्यात काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. त्यानंतर तो मात्र आमच्याबरोबर कचेऱ्यांत यायला लागला, आणि तिथे गेला की आवाज चढवत नसे.

रेल्वेचं काम तसंच अडलं होतं. पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता काका गेले. सगळी वाडी मुंबईहून आली आणि परत गेली. मला वाटलं, आता काकी थांबतील. ज्याच्यासाठी गाडी हवी होती तोच राहिला नव्हता. महिना झाला असेल, एका सकाळी मी सुट्टीची घरी होते. दारात हाक आली, "चल गो, एस.टी. येईल."

मी चप्पल घालताना रडले. त्या म्हणाल्या, "रडू नको. ते गेले, पन वाडीतल्या गनूच्या सुनेला दवाखान्यासाठी पनवेलला जावं लागतंच हाय ना?"

तोवर त्यांची मुदत संपली होती, जागेचं आरक्षण बदललं होतं आणि पक्षाने दुसऱ्याला उभं केलं होतं. रेल्वेच्या कचेरीत नवे अधिकारी होते. त्यांनी विचारलं, "आता आपण कोणत्या नात्याने आलात?"

"पक्षानं तिकीट नाय दिलं, साहेब," काकी म्हणाल्या. "तुमचं मी काढते. त्या नात्यानं."

साहेब मोठ्याने हसले. पण त्यांनी प्रस्ताव वर पाठवला, आणि तो परत आला की पुन्हा पाठवला. आमदार-खासदारांनीही जोर लावला, हे नाकारायला नको. त्यांच्याही दारात काकी उभ्या राहिल्या होत्याच. शेवटी प्रायोगिक म्हणून थांबा मिळाला. पहिल्या दिवशी स्टेशनवर ही गर्दी. भाषणं, हार, ढोलताशा. गाडी थांबली तेव्हा काकी गर्दीच्या मागे होत्या. गणूच्या सुनेला खिडकीजवळची जागा मिळाली का, ते डब्यात वाकून बघत होत्या.

वर्षभराने मुलगा त्यांना मुंबईजवळ दिव्याला, आपल्या घरी घेऊन गेला. गुडघे गेले होते आणि वाडीवर एकटं राहणं जमेना. निघाल्या त्या त्याच गाडीने. मी सोडायला गेले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "जायची सोय झाली. संध्याकाळची गाडी अजून थांबत नाय. यायची सोय तू कर."

गाडी सुटली. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघायला त्या थांबल्या नाहीत, समोरच्या बाईशी बोलायलाही लागल्या होत्या.

मी केलं. म्हणजे मी, शैलेश, सुनंदा आणि आणखी पुष्कळांनी. किती कचेऱ्या पालथ्या घातल्या ते सांगत बसत नाही. या उन्हाळ्यात संध्याकाळची गाडी आमच्या स्टेशनवर थांबू लागली. मी काकींना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "मंग मीच येते बघायला."

गाडी थांबली. दारात काकी उभ्या, हातात काठी, मागे नातू पिशवी घेऊन. आमचा फलाट जमिनीलगत आहे, डब्याच्या पायऱ्या उंच. शैलेशने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना हळूहळू खाली उतरवलं. त्या वाकून धापा टाकत राहिल्या. मी वाट बघत होते, आता पाठीवरून हात फिरवतील, शाबास म्हणतील.

त्यांनी मान वर केली. एकदा डब्याच्या दाराकडे पाहिलं, एकदा पायांखाली. मग माझ्याकडे वळल्या.

"फलाट लय खाली हाय गो," मेंबरकाकी म्हणाल्या. "तुझी सुट्टी कधी असते?"