इस्त्री की ग्राफिक्स कार्ड

१४ मे, रविवार. इस्त्री करताना पुन्हा फ्यूज उडाला. खाली-वर एकच लाइन. वरचा भाडेकरू अमरावतीचा, हिंजवडीत नोकरीला. सुटीच्या दिवशी संगणकावर गेम खेळतो. मी त्याला खोली सोडायला सांगितलं.

"तसं नाही काकू." त्याचं प्रत्येक वाक्य असंच सुरू होतं. "तुमची इस्त्री जुनी आहे. माझी मशीन मोजून दाखवतो."

"मोज. तोवर मी चुरगळलेलेच कपडे घालते."

त्यानं प्लगला वीज मोजायचं यंत्र लावलं, चित्र जास्तीत जास्त स्पष्ट ठेवलं आणि तासभर खेळला. मग खाली आला.

"काकू, माझ्या मशीनमधलं ग्राफिक्स कार्डच लय वीज खाऊन राहिलं. इस्त्री ठीक आहे. खोली सोडतो."

आकडा बघायला मी वर गेलेच नव्हते; त्यानं खोटं सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं.

१५ मे, सोमवार. सकाळी वायरमन बोलावून मी वरच्या खोलीला वेगळी लाइन टाकून घेतली.