आप्पांची झोप आणि हवेची टाकी

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रात्रपाळी असते. सकाळी आठला ते चादरीच्या कारखान्यातून माग चालवून येतात, आंघोळ करतात, भाकरी खातात आणि दहाच्या सुमारास आतल्या भिंतीशी आडवे होतात. मी एकपर्यंत कॉलेजातून घरी येतो. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात स्वयंपाकाची जागा सोडली तर एकच खोली आहे. रंगकामाला लागतो तसा उजेड तिच्यात दुपारीच येतो, तोही दारातून. त्यामुळे आप्पांची झोपायची आणि माझी रंगवायची वेळ एकच.

मी सनबोर्डचा जाड, हलका पुठ्ठा कापून छोट्या एसटी गाड्या बनवतो. खिडक्या, पायऱ्या, मागची शिडी, सगळं असतं. कापण्या-चिकटवण्याचा कुणाला त्रास नव्हता. पण ब्रशने मारलेल्या रंगात रेघा दिसायच्या, म्हणून मी मुलांच्या शिकवण्या घेऊन एक जुना एअरब्रश आणि त्याचा कॉम्प्रेसर घेतला. एअरब्रश म्हणजे रंग फवारणारं पेनाएवढं अवजार. कॉम्प्रेसर हवा पुरवतो आणि ती हवा रंग उडवते. माझ्या कॉम्प्रेसरला टाकी नव्हती. बटण दाबलं की बंद करेपर्यंत तो धडधडत राहायचा.

पहिल्या दिवशी बटण दाबायच्या आधी मी आप्पांना विचारलं होतं, "ह्याचा आवाज लई येतो. तुमाला तरास हुईल का?"

ते चादर डोक्यावर ओढून घेत म्हणाले, "तुझं कॉलेजचं काम हाय न्हवं? कर की. मला काय हुतंय?"

हे कॉलेजचं काम नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण बटण दाबलं. मी बी.ए.ला आहे. आमच्या अभ्यासक्रमात एसटी कुठेच नाही. पण आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि मी टेबलावर वाकून जे काही करतो ते अभ्यासाचंच असणार, असं घरात धरून चालतात. आप्पा चहाच्या टपरीवरही सांगायचे, "पोरगं मशीन लावून कॉलेजचं काय काय करतंय." मी बरोबर असलो तर ग्लासातल्या चहाकडे बघत राहायचो.

शेजारच्या काकू मात्र थेट दारात आल्या. "काय रं, गिरण टाकलीस व्हय घरात? उद्या ज्वारी आणून देऊ का?"

आव्वा, माझी आई, आत गॅसपाशी होती, पण आवाज तिचा अंगणातल्यासारखाच असतो. "आणा की! पीठ तेवढं लाल निघंल, चालंल न्हवं?"

दोघी हसल्या. मीही हसलो. आप्पा चादरीखाली हलले नाहीत. ते झोपलेत की माझ्यासाठी गप्प पडून आहेत, हे कळायला मार्ग नव्हता आणि मी उठून बघायचं टाळलं.

टाकीची कल्पना मला व्हिडिओ बघून सुचली. कॉम्प्रेसर आणि एअरब्रश यांच्यामध्ये हवेची टाकी बसवायची. टाकी भरली की स्विच कॉम्प्रेसर आपोआप बंद करतो, हवा कमी झाली की पुन्हा चालू करतो. मधल्या वेळात साठलेल्या हवेवर काम चालतं आणि घरात शांतता राहते. काहीजणांनी आग विझवायचं जुनं नळकांडं वापरलं होतं. मी तसं एक घ्यायला निघालो होतो, पण ओळखीच्या गॅरेजवाल्यांनी दरडावलं, "गंजकी टाकी फुटली म्हंजे भिंत ऱ्हायची न्हाय. हवेसाठी बनवल्यालीच घे." मी तशी घेतली. दाब जास्त झाला तर हवा सोडून देणारा व्हॉल्व्हही घेतला.

आप्पांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघांनी ती जोडली. त्यांनी टाकी गुडघ्यांत धरली आणि मी नट आवळले. हवा गळते का बघायला प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला.

"हितं फुगतंय बघ," आप्पा लहान मुलासारखे खूश होऊन म्हणाले. तो नट पुन्हा आवळला. "आता ह्यानं काय हुईल?"

"मशीन सारखी चालणार न्हाई, आप्पा. मधीमधी बंद ऱ्हाईल. तुमाला नीट झोप लागंल."

हे बोलताना मला फार बरं वाटलं. रंगही चांगला येणार होता, हे मी सांगितलं नाही.

आप्पांनी टाकीवर टिचकी मारली. "ब्येस झालं."

रंग खरोखरच चांगला आला. आधी हवा धक्के देत यायची आणि लाल रंगात ठिपके उठायचे. आता तो सारखा पसरू लागला. खिडक्यांखालचा पांढरा पट्टा मी एका दमात ओढायला लागलो. टाकी भरली की कॉम्प्रेसर खटकन थांबायचा आणि त्या शांततेत मला वाटायचं, आप्पांसाठी काहीतरी केलं. असे बरेच दिवस गेले. माझी पाठ त्यांच्याकडे असायची.

मग एका सकाळी आप्पा अंगठ्याला चिंधी बांधून आले.

"धोट्याला हात लागला जरा," ते मला म्हणाले. मागावर धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. "तू जा कॉलेजला."

आव्वा माझ्यामागे दारापर्यंत आली. "त्येंची झ्वाप हुईना झालीया. रातच्याला मागावर डुलक्या येत्यात. आज अंगठा हाय, उद्या हात जायचा."

सकाळभर वर्गात मला काही ऐकू आलं नाही. घरी शांतता केली तरी झोप का होत नाही? दुपारी मी खुर्ची फिरवून ठेवली, तोंड आप्पांकडे करून, आणि कॉम्प्रेसर चालू केला. धडधड सुरू झाली. आप्पा संथ घोरत होते. टाकी भरली. खट. कॉम्प्रेसर थांबला, आणि त्याच क्षणी आप्पा उठून बसले. डोळे अर्धवट मिटलेले होते. उजवा हात पुढे झाला आणि बोटं हवेत काहीतरी शोधू लागली. मग त्यांनी खोलीकडे बघितलं, आपण कुठे आहोत ते त्यांच्या लक्षात आलं असावं, आणि ते पुन्हा आडवे झाले. मी गाडीवर रंग फवारत राहिलो. हवा उतरली, धडधड सुरू झाली, त्यांना झोप लागली. टाकी भरली. खट. ते पुन्हा उठून बसले.

लहानपणी मी कारखान्यात त्यांचा डबा घेऊन जायचो. आत मला माझाच आवाज ऐकू यायचा नाही. पण पाठीमागचा एक माग थांबला की पाठ करून उभे असलेले आप्पा गर्रकन वळायचे. माग थांबला म्हणजे धागा तुटला, आणि तो शोधायला त्यांचा हात आधीच पुढे झालेला असायचा. त्यांचे कान आवाजाला नाही, आवाज थांबण्याला जागे असतात. हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं, तरी घरात थांबणारं यंत्र आणून ठेवलं.

टाकीच्या बुडाला साचलेलं पाणी काढायचा एक छोटा कॉक असतो. मी तो किंचित उघडला. बारीक फुसफुस सुरू झाली. हवा भरेल तशी थोडी गळू लागली, टाकी पूर्ण भरेना, त्यामुळे कॉम्प्रेसर थांबेना. आप्पा घोरू लागले.

गाडी रंगवून झाली. एअरब्रश धुऊन ठेवला. आता यंत्राचं काही काम नव्हतं, पण बंद करायची माझी हिंमत होईना. ते तापलं होतं, म्हणून टेबल फॅन त्याच्याकडे वळवला आणि बसून राहिलो. काकूंनी दारातून डोकावलं. "अजून दळण झालं न्हाय व्हय?" मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी आप्पांकडे बघितलं आणि चपला न वाजवता परत गेल्या.

आप्पा उन्हं उतरल्यावर आपोआप उठले. "आज लई झ्वाप लागली," ते म्हणाले.

"तुमी मला सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? एवढं हौसेनं जोडलंस. पयल्या आवाजात बरं हुतं रं. टाकी आल्यापासनं तुझं यंत्र लई शिकल्यालं झालंय. कवा थांबंल, सांगत न्हाय."

मला राहवलं नाही. "आप्पा, हे कॉलेजचं काम न्हाई. माझा नाद हाय नुसता."

"म्हायती हाय की. कॉलेजात एसटी शिकवत्यात व्हय?"

ते हसले. मला हसता आलं नाही. माहीत असूनही ते एवढे दिवस मध्येमध्ये उठून बसत होते.

"बंद कर ते आता. जागा हाय मी."

मी बटण दाबलं. खोली एकदम शांत झाली. आप्पा माझ्याशी बोलत होते, पूर्ण जागे होते, तरी त्यांची मान तिकडे वळलीच. चिंधी बांधलेला हात जागेवरून उचलला गेला होता. तो त्यांनी सावकाश खाली घेतला आणि आव्वाला म्हणाले, "चा टाक."