आईने पकडलेली वीस पानं

मंडळी, आज माझी चोरी पकडली गेली.

आईची नजर गेल्यापासून ऑफिसातून आलो की तिला कादंबरी वाचून दाखवतो. आज ट्रॅफिकमधून चामराजपेटला घरी पोचेपर्यंत अर्धा जीव गेला होता. गुपचूप वीस पानं गाळली.

"थांब रे. काल ही बाई लग्नाला नाही म्हणत होती. आज एकदम बारसं?"

"लेखकाने घाई केलीय गं."

"लेखकाने की तू? दमलास तर स्वल्पच वाच, पण मधलं गाळू नकोस. मला दुसरं कोण वाचून दाखवणार?"

पानं उलटून मागे गेलो. ती वीस पानं मीही आज पहिल्यांदाच वाचली.

याच कादंबरीवर गेल्या महिन्यात मी इथे लांबलचक परीक्षण टाकलं होतं. तुम्ही भरभरून कौतुक केलंत. खरं सांगा, तुमच्यापैकी कोणी ती वाचली होती?