फाळाच्या साच्याला वीस मिनिटे

मे १९४८ मध्ये मी मेढ्याचे घर सोडून सांगलीच्या एका नांगर-कारखान्यात दोन महिने काम करायला गेलो. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष झाले होते. कारखान्याचा दाखला आणल्याशिवाय दुसऱ्या वर्षात बसता येणार नव्हते.

वडील पलटणीतून निवृत्त झालेले. मोटारीच्या टपावर ट्रंक चढवताना म्हणाले, "फी बी आपुन भरायची आन राबायचं बी आपुनच? वाचल्याबिगर कशावर सही करू नगंस." आई म्हणाली, "आपल्या वावरात राबला असता, तर दाखला म्याच दिला असता."

कारखान्यात मला ओतकामावर लावले. तिथले मुख्य कारागीर सिद्धाप्पा, जतकडचे. रोज काय पाहिले आणि कशाला किती वेळ लागला, ते वहीत लिहायचे, असे कॉलेजने सांगितले होते. वही निघाली की कारागिरांचे बोलणे थांबे. बारा दिवस मी फक्त वाळू चाळली.

तेराव्या दिवशी जेवताना सिद्धाप्पा म्हणाले, "वाच बघू, कालेजवाल्या."

मी वाचले, "सिद्धाप्पा. फाळाचा साचा. वीस मिनिटे."

"माजी मिनिटं तुला कशाला रं? मालकानं सांगितलंय व्हय?"

"न्हाई, कॉलेजनं."

"कालेजला कवापासनं फाळ लागाय लागलं?"

सगळे हसले. सिद्धाप्पा हसले नाहीत. मला वाटले, हा माणूस उगाच संशय घेतो.

शेवटच्या आठवड्यात व्यवस्थापकांनी बोलावले. टेबलावर माझा दाखला होता, सही झालेला. शेजारी मजुरीचे नवे दर ठरवायचा एक तक्ता होता. त्यात कारागिरांची नावे लिहिलेली, नावांपुढे मिनिटांचे रकाने कोरे. मी तो दोनदा वाचला.

"वही ठेवा आणि दाखला घ्या."

"वही कॉलेजची आहे."

"मग दाखलाही कॉलेजकडूनच घ्या."

मी वही घेऊन बाहेर आलो आणि सिद्धाप्पांना तक्त्याचे सांगितले. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी फाळाचा लाकडी नमुना माझ्या हातात दिला. वाळूचा पहिला साचा ढासळला, दुसरा उभा राहिला. दीड तास गेला.

"हे लिव," सिद्धाप्पा म्हणाले.

दाखला नाही म्हणून कॉलेजने वर्ष धरले नाही. घरी कळवले. वडिलांचे कार्ड आले: वही दिली नाहीस, बरे केलेस. पेरणी उरकली.

मेढ्याची माणसे अजून विचारतात, परत का आला नाहीस. पुढे सांगलीतच नोकरी लागली, घर झाले. मेढ्याला गेलो की आता माझ्यासाठी वेगळी गादी घालतात. सांगलीत जतकडची माणसे मला अजून 'कालेज' म्हणतात.

१९४९ मध्ये दुसऱ्या कारखान्याच्या दाखल्यावर मला दुसऱ्या वर्षात घेतले. पहिली वही माझ्याकडे आहे. तिच्यातली शेवटची नोंद: फाळाचा साचा, स्वतः, दीड तास.