काचेच्या पेटीतली किल्ली

मंगळ्या वाघमारे ड्युटीवर टाइट होता आणि नशेत त्यानं फाटकाच्या केबिनमधली काचेची पेटी फोडली, ही बातमी पेणच्या बाजारात मासळीच्या आधी पोचली. पोचवणाऱ्यांत मी होतो. आता साव कशाला बनू? रोह्याला जाईपर्यंत त्या बातमीला एक बाईही चिकटली.

मंगळ्या आमच्या फाटकावरचा गेटमन, आदिवासी वाडीतला पहिला रेल्वेवाला. वाडीतला म्हणजे पिणारच, हे गावानं त्याच्या जन्माआधी ठरवलेलं. गडी माझ्या टपरीवर चहासुद्धा अर्धाच घ्यायचा. बायकोलाही फाटकाखालून वाकून येऊ द्यायचा नाय. गंगी रोज डबा घेऊन पलीकडे थांबायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "साहेब, उघडा की फाटक."

"सिग्नल दिलाय. गाडी जाऊ दे गो."

"माझ्यापेक्षा गाडी लाडकी हाय तुला."

"व्हय. ती बोलत नाय."

आम्हाला वाटायचं, भाव खातोय. पण एकदा गाडीला सिग्नल दिला की फाटकाची किल्ली यंत्रातच अडकते. गाडी जाईपर्यंत गेटमनलाही ती सुटत नाही. अगदी अडचणीसाठी म्हणून दुसरी किल्ली काचेच्या पेटीत ठेवलेली. तिनं फाटक उघडतं आणि फाटकाच्या अलीकडचा, गाडीला आधी लागणारा सिग्नल लाल होतो. पण सिग्नल ओलांडून आलेल्या गाडीला तो लाल दिसणार कसा?

गणपतीच्या आधीची सकाळ. नवऱ्याला मुठ्यांचं कालवण आवडतं म्हणून गंगी ओढ्यावर खेकडे धरायला गेली. बिळात हात घातला, आत नाग. गणपती घेऊन त्या वाटेनं चाललेल्या हमरापूरच्या भरतनं टेम्पोतल्या मूर्ती भराभर उतरवल्या आणि तिला त्यात निजवलं. फाटकाशी आले तर दांडा पडलेला. अलीकडे टेम्पो, पलीकडे कंपनीच्या शिफ्टची भरलेली बस. त्या बसचा ड्रायव्हर दांडा जरा उठला की गाडी घुसवणारा.

"मंगळदादा, वयनी हाय आत. नाग चावलाय," भरत म्हणाला.

मंगळ्या केबिनमध्ये धावला. काच फुटल्याचा आवाज टपरीपर्यंत आला. तेवढ्यात मालगाडीचा भोंगा वाजला, अगदी जवळ.

टेम्पोतून गंगीचा आवाज आला, जीभ जड झालेली. "साहेब, उघडा की."

"गाडी जाऊ दे गो," मंगळ्या म्हणाला आणि हिरवा झेंडा धरून उभा राहिला, शेवटचा डबा जाईपर्यंत.

पेणच्या दवाखान्याच्या पायरीवर गंगी गेली.

बायको मरतेय आणि हा झेंडा दाखवतोय. शुद्धीतला माणूस असं करेल? मीच म्हणालो, प्यायलाय. चौकशीत त्यानं एवढंच लिहून दिलं, 'काच माझ्या हातून फुटली.' पुढे बदली होऊन तो रोह्याकडे गेला.

परवा रोह्याला भेटला. चहा अर्धाच घेतला. उजव्या तळव्यावर जुना व्रण. मी विचारलं, "काच का रं फोडलीस?"

त्यानं सांगितलं. मी वर एक शब्द चढवत नाही.

मंगळ्या त्या दिवशी प्यायला नव्हता. काच त्यानं गंगीसाठी फोडली. किल्ली हातात घेतली तेव्हा गाडी सिग्नल ओलांडून आली होती आणि फाटक उघडलं असतं तर बस रुळांवर आली असती. म्हणून त्यानं किल्ली लावली नाही.